देव्हाऱ्यातला स्प्रे

माझ्या पायाच्या अंगठ्याला एक चिंधी बांधलेली असायची आणि तिचं दुसरं टोक माझ्या लेकीच्या मनगटाला. दोन वर्षं मी अशीच झोपली. झोपली म्हणजे काय, डोळे मिटून पडली. लेकीला मिरगी होती, साधीसुधी नाही, कुठल्याच गोळीला न जुमानणारी, आणि झटके बहुतेक रात्रीच यायचे. चिंधीला हिसका बसला की मी उठायची, तिला कुशीवर वळवायची, मोबाइलवर झटक्याची वेळ लावायची आणि कुणाला तिच्या तोंडात काही घालू द्यायची नाही. हे शेवटचं सगळ्यात अवघड. कोरपन्याजवळच्या आमच्या गावात झटका आला की अर्धं गाव डॉक्टर होतं. कुणी चप्पल हुंगवा म्हणतं, कुणी चमचा घेऊन धावतं. मी एकेकाच्या अंगावर ओरडायची. सासूबाई म्हणायच्या, ‘लय तोंडाळ हाये बाप्पा आमची सून.’ हो, आहेच.

चंद्रपूरच्या डॉक्टरनं नाकात मारायचा स्प्रे दिला होता. ‘पाच मिनिटं झाली की मारायचा. कुणाची वाट पाहायची नाही.’ आता हा ठेवायचा कुठं? कपाटात उंदीर, फळीवर पुतण्यांचे हात. शेवटी सासूबाईंनी तो देव्हाऱ्यात ठेवला. ‘देवापाशी राह्यला त हरवणार नाई, अन् गुणही येईन.’ खोटं कशाला बोलू, मलाही तेव्हा फार बरं वाटलं. सकाळच्या पूजेत त्या स्प्रेच्या खोक्याला कुंकू मीच लावायची.

अडचण महिन्यातल्या चार दिवसांची. बाई बाजूला बसली की आमच्याकडे ती बाहेर सपरीत, म्हणजे पडवीत झोपते आणि देव्हाऱ्याला शिवत नाही. लेकराला विटाळ नसतो म्हणून लेक तेव्हाही माझ्याजवळच असायची. ही सवलत मी भांडून मिळवली होती आणि त्याचा मला केवढा तोरा! त्या चार रात्री सासूबाई आठवणीनं स्प्रे काढून माझ्या उशाशी ठेवायच्या.

त्या मे महिन्यात सासूबाई दीर-जावेला आणि पुतण्यांना घेऊन बहिणीच्या गावी लग्नाला गेल्या होत्या. नवरा सिमेंटच्या कारखान्यात रात्रपाळीला. संध्याकाळी मी बाजूला झाली, दोन दिवस आधीच. चिडचिड करत सपरीत अंथरूण टाकलं, चिंधी बांधली. स्प्रे आतच राहिला.

दीड वाजता अंगठ्याला हिसका बसला. लेकीला वळवलं, वेळ लावली. तीन मिनिटं. चार. उशाशी हात घातला तर काही नाही. चिंधी सोडली, धावत आत गेली आणि देव्हाऱ्यापुढं थांबली.

मला कुणी अडवलं नव्हतं. घरात होतंच कोण? खोकं समोर दिसत होतं. हात लांबवला असता तर मिळालं असतं. पण मनात आलं, या हातानं घेतला तर देव कोपेल, आणि कोपला तर माझ्यावर नाही, तिच्यावर कोपेल. बारावी शिकलेली बाई मी! सगळ्या गावाला अडाणी म्हणणारी!

मी उलट्या पावली पळाली. शेजारच्या बाईंच्या दारावर थापा मारल्या. ‘बाई, उठा वं! देव्हाऱ्यातलं औषध काढून द्या!’ आत कुलर घरघरत होता. पुन्हा थापा मारल्या, खिडकीवर दगड मारला. परत आली तर लेकीचे ओठ निळे पडलेले. मोबाइलवर बारा मिनिटं झाली होती. मग मी देव्हाऱ्यात हात घातला. दोन मूर्ती आडव्या झाल्या, झाल्या तर झाल्या. स्प्रे नाकात मारला, पण झटका थांबला नाही. खिडकी फुटल्यानं शेजारी उठले होते. तालुक्याच्या दवाखान्यात सुई दिली आणि पुढं पाठवलं. चंद्रपूर येईपर्यंत ती माझ्या मांडीवर हलतच होती.

अकरा दिवसांनी घरी आणली. दुसरीत होती, शाळेतून आली की तिची टकळी बंद होत नसे. आता तिला घास गिळता येत नाही, नळीनं भरवते. हाक मारली तर छताकडं पाहत राहते. पोरगी वाचली, असं लोक म्हणतात. मीही तसंच सांगते.

ती मधली सात-आठ मिनिटं कुणालाच माहीत नव्हती. मीच एक दिवस सासूबाईंना सगळं सांगितलं. देव बाटवला म्हणून त्या बोलतील, मग मीही सोडणार नाही, असं ठरवूनच बसली होती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. नातीच्या तोंडाची लाळ पदरानं पुसली.

‘अवं, देव्हाऱ्याले शिवायचंच होतं,’ त्या म्हणाल्या, ‘त मंग आधीच काऊन नाई शिवली?’

त्या टोमणा मारत नव्हत्या. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.