तीन लुगड्यांची आत्या

त्या काळी वऱ्हाडचा कारभार नागपूरहून चालतो असं आम्हाला शाळेत शिकवत. पण आमच्या सगळ्या नात्यागोत्यातल्या कपड्यांच्या पेट्यांचा कारभार मेहकरहून चालायचा, आणि तो माझी आत्या चालवायची. ती तिथल्या मुलींच्या शाळेत शिक्षिका होती. तिच्याइतके कमी कपडे बाळगणारी आणि तरीही तिच्याइतकी ठाकठीक दिसणारी बाई आसपासच्या चार तालुक्यांत नव्हती, आणि मला तर वाटतं, अजूनही नसावी.

आत्याला अगदी लहान वयात वैधव्य आलं होतं. सासरची माणसं भली. त्यांनी तिला पुढे शिकू दिलं. ती शिकली, शिक्षिका झाली आणि एक पत्र्याची पेटी घेऊन मेहकरला आली. त्या पेटीत मावेल तेवढंच आपलं, असं तिने ठरवलं होतं, आणि पेटी काही मोठी नव्हती. तिच्याजवळ तीन लुगडी असायची. चौथं आलं की पहिलं कुणाकडे तरी जायचं. ती लुगडी कोणत्या रंगाची असावीत याचा तिने जितका विचार केला होता तितका काही लोक मुलीचं स्थळ बघतानाही करत नाहीत. शाळेत शाई निळी, म्हणून एक लुगडं गडद निळं. रस्त्यावरची धूळ राखी, म्हणून दुसरं राखी. तिसरं कत्थई, कारण चहा सांडतोच. झंपरं मात्र पांढरी, खडू पांढरा म्हणून. "जे सांडणार हाये त्याच रंगाचं नेसावं," ती म्हणायची, "मंग सांडलं तरी कोणाले समजत नाई." पण रंगाची खरी अट निराळीच होती. पेटीतलं कोणतंही झंपर कोणत्याही लुगड्यावर गेलंच पाहिजे. नवं कापड आणताना ती म्हणायची की घरात सून आणून राह्यलो असं समजावं. एकाशी पटून चालत नाही, सगळ्यांशी पटलं पाहिजे.

मी उंद्रीची. गावात मुलींच्या पुढच्या शिक्षणाची सोय नव्हती, म्हणून बाबांनी मला आत्याकडे ठेवलं होतं. त्यामुळे तिच्याबरोबर कापडाच्या दुकानात जाण्याचे प्रसंग माझ्यावर पुष्कळ आले. प्रसंगच म्हणायला हवेत. आत्या घरून पाण्याचा लहान तांब्या घेऊन निघायची. दुकानात बसली की कापडाचा कोपरा मागायची, तो भिजवून आपल्या पांढऱ्या रुमालावर खसाखसा घासायची आणि रुमाल उजेडात धरून बघायची. मग कापड उचलून सरळ रस्त्यावर उन्हात न्यायची. दुकानाचा माणूस बिचारा मागोमाग यायचा. मग एक धागा ओढून बघणं, दाताखाली धरून बघणं, मुठीत चुरगाळून वर शंभरापर्यंत आकडे म्हणणं आणि मूठ उघडून सुरकुत्या बघणं. एकदा शेटजींना राहवलं नाही. ते म्हणाले, "बाई, तुम्ही कापड घ्यायला येता का त्याचा पंचनामा करायला?" आत्या शांतपणे म्हणाली, "पंचनामा मेल्यावर होते, शेटजी. मी जित्तेपणीच पाहून राह्यली." पुढे पुढे त्याच शेटजींचा सूर पालटला. रंग पक्का आहे का असं कुणी विचारलं की ते छातीठोकपणे सांगत, मास्तरीणबाईंनी घासून पाहिलेलं आहे.

लग्नकार्यात मात्र आत्याची पंचाईत व्हायची, म्हणजे खरं तर इतरांची व्हायची. देऊळगाव राजाला एका लग्नात तिला आहेरात पोपटी लुगडं मिळालं, आणि त्याला काठ मोहरीच्या फुलासारखा पिवळाधमक. आत्याने ते दोन्ही हातांनी घेतलं, कपाळाला लावलं आणि मांडवातच शेजारी बसलेल्या बाईला आहेरात मिळालेल्या राखी लुगड्याशी बदलून टाकलं. आहेर करणारी मंडळी समोरच उभी होती. त्यांनी पुढची दोन वर्षं आमच्याकडचं येणंजाणं बंद ठेवलं. माझ्या आईने आत्याला कितीदा समजावलं की घेऊन पेटीच्या तळाशी ठेवून दिलं असतं तर काय बिघडलं असतं. पण तळाशी ठेवणं हेच आत्याला पटत नव्हतं. नेसायचं नाही ते कापड बाळगणं म्हणजे तिच्या मते कापडाचाच अपमान होता.

धुण्याचीही तिची शिस्त होती. रिठ्याच्या पाण्यात भिजवायचं, पिळायचं नाही, सावलीत वाळवायचं, तेही उलटं करून. इस्त्री म्हणजे निखारे घातलेला पितळी तांब्या. आणि रफू तर असा की नवखा माणूस फाटलेली जागा शोधून दमायचा. शाळेतल्या मोठ्या पोरींना ती पाढ्यांपेक्षा रफूच जास्त कसोशीने शिकवायची. तपासणीसाठी आलेल्या एका साहेबांच्या कोटाची बाही उसवलेली तिला दिसली, तेव्हा तिने वर्ग थांबवून त्यांच्याकडे कोट मागितला होता. त्यांनी दिला. मग तो कोट चाळीस पोरींच्या हातातून फिरला आणि साहेब नुसत्या सदऱ्यावर बसून भूगोलाचे प्रश्न विचारत राहिले. शाळेचा शेरा त्या वर्षी फार चांगला आला.

मी मॅट्रिक झाले आणि अमरावतीच्या कॉलेजात जायचं म्हणाले, तेव्हा बाबा कचरले. बाबांचा शिक्षणाला विरोध नव्हता. आमची शेती बरी होती, खाऊनपिऊन सुखी होतो. त्यांची अडचण वेगळी होती आणि ती त्यांनी आईजवळ बोलून दाखवली. मेहकरातल्या एका वकिलांची मुलगी कॉलेजात गेली तेव्हा तिच्याबरोबर दोन ट्रंका गेल्या होत्या. बाबांनी त्या मोटरीच्या टपावर चढवताना स्वतः पाहिल्या होत्या. तिथे पोरी रोज लग्नाला निघाल्यासारख्या नटतात, आपली पोर त्यांच्यात खेडवळ दिसेल, तिला कुणी हसलं तर ते आपल्याला सोसणार नाही, त्यापेक्षा पाठवायलाच नको. इतकं साधं होतं ते. पण अशा साध्या गोष्टीवरच माझं पुढचं सगळं अडून बसलं होतं.

आईने आत्याला निरोप धाडला. आत्या सुट्टी घेऊन उंद्रीला आली. येताना तिने तीन नवी नऊवारी लुगडी आणली होती. निळं, राखी आणि कत्थई हे निराळं सांगायला नकोच. आल्या आल्या तिने कात्री मागितली आणि त्यातली दोन सरळ कापली. आई किंचाळायचीच बाकी होती. पण आत्याचा हिशेब पक्का होता. शहरातल्या मुली आता पाचवारी नेसतात, तेव्हा पाच वार नेसायला ठेवायचे आणि उरलेल्यात एक परकर आणि एक झंपर शिवायचं. अशी दोन लुगड्यांची दोन पातळं झाली, दोन परकर झाले, दोन झंपरं झाली. वर दोन पांढरी झंपरं. तिसरं लुगडं मात्र तिने कापलं नाही. ते गावी येताना नेसायचं, म्हणजे गावाला वाटू नये की पोर शहराची झाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा ओसरीवर दोन पाहुण्यांशी बोलत बसले होते. आत्याने मला पांढरं झंपर घालून, निळं पातळ नेसवून पाणी द्यायला पाठवलं. परत आले तर राखी पातळ तयार होतं. ते नेसून मी चहा नेला. मग सुपारी, मग पुन्हा पाणी, मग उगाचच अडकित्ता. दर खेपेला वेगळं पातळ, वेगळं झंपर, पदर कधी असा तर कधी तसा. आतल्या खोलीत आई आणि आत्या मला असं गुंडाळत आणि सोडवत होत्या की मला घेरी यायची वेळ आली. पाहुणे गेले, आणि बाबा आत आले ते कपाळाला आठ्या घालूनच.

"बाई," ते आत्याला म्हणाले, "पोरीसाठी एवढे कपडे आणले कोठून? मले इचारलंही नाई."

"किती पाह्यले तुनं, दादा?"

"धा-बारा तं असतीनच."

आत्याने बाजेवर सगळं मांडलं. तीन लुगडी, चार झंपरं. बाबांनी ती उलटीपालटी करून पाहिली. मग खाली वाकून बाजेखालीही पाहिलं. आई तोंडाला पदर लावून हसत होती. बाबा हसले नाहीत. निळ्या पातळावर हात फिरवत ते हळूच म्हणाले, "आन् माह्या लेकीले कोणी हिणवलं तं?"

"हिणवतीन," आत्या म्हणाली. "दोन दिवस. तिसऱ्या दिवशी जिची ती आपल्याच कपड्यात गुंतन."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "जाऊ दे मंग," म्हणाले, आणि बैलांना पाणी दाखवायला निघून गेले.

आत्याचा अंदाज एका दिवसाने चुकला. मला तीन दिवस हिणवलं. चौथ्या दिवशी माझ्या खोलीतली नागपूरची मुलगी, जिच्या ट्रंकेचं झाकण दोघींनी बसल्याशिवाय लागत नसे, सकाळी पलंगभर पातळं पसरून रडकुंडीला आली, कारण तिच्या एकाही पातळाचं दुसऱ्या झंपराशी जमेना. तिचा पहिला तास बुडाला. पुढे ती मलाच विचारायला लागली की आज काय नेसू. मी आत्याच्या आवाजात तिला सांगायची.

तरी एकदा माझं मन डळमळलं. कॉलेजच्या संमेलनाला सगळ्या मुली रेशमी नेसणार होत्या. मी आत्याला चार पानी पत्र लिहिलं. अभ्यास, मेसचं जेवण, अमरावतीचं ऊन, सगळं लिहिलं, आणि शेवटी एका ओळीत लिहिलं की या मुलींची लाल रेशमी पातळं फार छान दिसतात. उत्तर आलं नाही. शनिवारी आत्या आली. मोटर आणि आगगाडी बदलत, धुळीने राखी होऊन, म्हणजे जशीच्या तशी. वसतिगृहाच्या व्हरांड्यात बसून तिने गाठोडं सोडलं. आत लाल रेशमी काठ होता, नुसता काठ, हातभर रुंदीच्या घड्यांत गुंडाळलेला. तिने माझं राखी पातळ मागून घेतलं आणि सुईत दोरा ओवला.

"हा कशाचा?" मी विचारलं.

"माह्या लग्नातल्या लुगड्याचा. कापड कधीचंच विरलं. काठ नाई विरत."

जिच्या पेटीत न नेसायचं एक फडकंही राहू शकत नव्हतं, तिने हा काठ इतकी वर्षं ठेवला होता. मी न राहवून म्हणाले, "पण आत्या, हा तं तुह्या कशावरच जात नव्हता."

"हाव," ती म्हणाली. "कशावरच नव्हता जात." आणि दाताने दोरा तोडून पुढचा टाका घातला.

रविवारी दुपारपर्यंत तिने दोन्ही काठ जोडले. सोमवारी शाळा होती म्हणून संमेलनाला थांबली नाही. त्या संध्याकाळी किती जणींनी मला ते पातळ कुठून आणलं म्हणून विचारलं, हे मी तिला कळवलं. तिने उत्तरात एवढंच विचारलं, टाके वरून दिसले का.

कॉलेज संपलं आणि बुलढाण्याला मुलींच्या शाळेत मला नोकरी लागली, तेव्हा पहिल्या दिवशी मी तेच निळं पातळ नेसून गेले. पुढे कपडे जुने झाले, नवे आले, पण पेटी तेवढीच राहिली. माझ्याबरोबरच्या कितीतरी हुशार मुली, नेसायला धड नाही म्हणून कुठे कुठे जायच्या राहून गेल्या. समारंभ, मुलाखत, कधी एखादी नोकरीसुद्धा. मला कपड्यांनी कधी अडवलं नाही. हे माझं कर्तृत्व नव्हे. एका बाईने तांब्याभर पाणी घेऊन भर उन्हात उभं राहून ते माझ्यासाठी आधीच तपासून ठेवलं होतं. तिच्यासमोर हे कधी बोलले नाही. बोलले असते तर तिने माझ्या पदराचा धागा ओढून बघितला असता.

शेवटी शेवटी आत्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. ती मेहकरलाच राहिली, एकटीच, शाळेजवळच्या खोलीत. मी भेटायला गेले तेव्हा ती आंघोळ करून पेटीशी बसली होती. हाताला लागलं ते लुगडं तिने काढलं, हाताला लागलं ते झंपर काढलं. नेहमीसारखी नीटनेटकी होऊन बाहेर आली आणि मला म्हणाली की शाळेच्या पोरींना अजून समजलं नाही, बाईला दिसत नाही ते. मी तिच्याजवळ दोन दिवस राहिले. तिने माझ्या हाताला, खांद्याला, बाहीला चाचपून पाहिलं, कापडाबद्दल काहीच बोलली नाही, फक्त म्हणाली, "वाळली तू. जेवत जाय."

निघताना नको नको म्हणत असताना ती मोटरस्टँडपर्यंत आली. चिखलीकडची मोटर आणि जालन्याकडची मोटर शेजारी शेजारी उभ्या होत्या. मी तिला नमस्कार करून चिखलीच्या मोटरीत जाऊन बसले. मोटर सुरू झाल्याचा आवाज ऐकून आत्या हात हलवायला लागली, पण तिचं तोंड जालन्याच्या मोटरीकडे होतं. मी हाक मारली. इंजिनाच्या आवाजात ती तिच्यापर्यंत पोचली नाही. जालन्याच्या मोटरीत खिडकीशी एक बाई बसली होती, डोक्यावर पदर घेतलेली. ती आधी गोंधळली, इकडेतिकडे पाहिलं, आणि मग तिनेही हात बाहेर काढून हलवला. आमची मोटर वळेपर्यंत त्या दोघी एकमेकींना निरोप देत होत्या, आणि मी दोघींना.