गिटारीवर वाजवलेली पेटी

सिरसाळ्याच्या बाजाराजवळ मी वजनकाटा चालवतो. कापसाची किंवा सोयाबीनची गाडी काट्यावर चढते, मी पडद्यावरचा आकडा पाहतो आणि पावती देतो. तरुणपणी मी लग्नाच्या ऑर्केस्ट्रात इलेक्ट्रिक गिटार वाजवायचो. संसार मागे लागला तशी गिटार कपाटावर गेली. ती खाली उतरली माझ्या बायकोच्या भजनामुळे.

गावातल्या बायकांच्या भजनी मंडळात माझी बायको मुख्य गाते. मंडळाची पेटी वाजवणाऱ्या बाई मुलाकडे पुण्याला कायमच्या राहायला गेल्या. पेटी जागेवर होती, पण ती वाजवणारं कोणी नव्हतं. पखवाज आणि टाळ यांवर बायकांनी गाऊन पाहिलं. एकीचा सूर खाली, दुसरीचा वर. धर्मापुरीच्या सप्ताहात त्यांच्या मंडळाची दुपारची पाळी ठरलेली होती. बायकोनं नकार कळवायचं जवळपास ठरवलं होतं.

"पेटीशिवाय बसायचं म्हणजे चारचौघांत हसं," ती म्हणाली. "एकदा न्हाई म्हणलं की पाळी दुसऱ्या मंडळाला जाईल. मग आपल्याला कोण बोलावतंय? मंडळ मोडल्यातच जमा."

तिनं टाळ पुसून फडक्यात बांधले आणि वरच्या फळीवर ठेवले. तिला वादावादी करताना मी पुष्कळदा पाहिलं आहे. असं आवरून ठेवताना पाहिलं नव्हतं.

गिटारीतून दुसऱ्या वाद्याचा आवाज काढता येतो, हे मला ऑर्केस्ट्राच्या दिवसांपासून ऐकून माहीत होतं. चौकशी करून मी त्यासाठीची पट्टी मागवली. ती गिटारीच्या तारांखाली बसते आणि प्रत्येक तार वेगळी ऐकते. तिच्या वायरीला एक डबी असते. कोणता सूर लागला, किती जोरात, कधी सुरू झाला आणि कधी थांबला, एवढंच ती डबी ओळखते आणि तेवढंच पुढे कळवते. या निरोपांना मिडी म्हणतात. पुढे सिंथेसायझर असतो, तो निरोप वाचून स्पीकरमधून आवाज काढतो. त्यावर पेटीचा आवाज लावला की गिटारीची तार छेडावी आणि पेटी वाजावी.

काट्यावर माझा एक ड्रायव्हर मित्र येतो. त्याला हे कळलं तेव्हा तो म्हणाला, "काय बे, बायकांच्या भजनात गिटार? उद्या कीर्तनात ड्रमसेट मांडशील."

पहिली तालीम आमच्या पुढच्या खोलीत झाली. माझी चुलती टाळ धरते आणि मंडळात सगळ्यांत वडील आहे. तिनं एकदा गिटारीकडे पाहिलं, एकदा स्पीकरकडे.

"आरं, तोंड एकाचं आन आवाज दुसऱ्याचा. बहुरूपीच हाय की."

बायका हसल्या आणि गायला बसल्या. पेटीचा आवाज छान येत होता, पण भजन जड होत गेलं. बायको सुरासाठी माझ्याकडे पाहायची आणि माझा सूर किंचित उशिरा यायचा. ती माझ्यासाठी थांबायची, मी तिच्यासाठी. चुलतीनं टाळ खाली ठेवले.

"ह्या चालीनं आरतीला सांज हुईल."

कुणी हसलं नाही. सगळ्या गेल्यावर बायको म्हणाली, "तुमी मनावर घेऊ नका. जमत नसंल तर राहू द्या." मग चहाची भांडी उचलता उचलता थांबली. "वरचे सूर बरोबर येत्यात तुमचे. खाली उतरलं की तुमी मागं राहता."

यावर मी विचार करत राहिलो. दुसऱ्या दिवशी काट्यावर भरलेली गाडी चढली. गाडी थांबली तरी पडद्यावरचा आकडा हलत असतो. तो स्थिर झाल्याशिवाय मी पावती देत नाही. ती डबीही हेच करत असणार, हे तिथं माझ्या लक्षात आलं. तारेची एखाददुसरी थरथर पुरी पाहिल्याशिवाय सूर कोणता हे ती सांगणार कसं? गिटारीची सगळ्यांत जाड तार सेकंदात सुमारे ब्याऐंशी वेळा थरथरते, सगळ्यांत बारीक तीनशे तीस वेळा. म्हणजे जाड तारेसाठी डबीला चौपट थांबावं लागतं.

आणि मी मुद्दाम जाड तारांवर वाजवत होतो. पेटीचा भरदार आवाज भरदार तारेतूनच येणार, असं मी धरून चाललो होतो. पण तारेचा आवाज पुढे जातच नव्हता. जात होता फक्त सुराचा क्रमांक. तार जाड की बारीक, सिंथेसायझरला त्याचं काही नव्हतं.

घरी येऊन मी सगळी भजनं बारीक तारांवर, एक सप्तक वर बसवली आणि तेवढंच सप्तक सिंथेसायझरवर खाली उतरवलं. मोकळ्या तारा हात लागून वाजत आणि नको ते सूर निघत. त्यावर बायकोनं आपलं केसांचं रबर गिटारीच्या मानेवर चढवून दिलं, त्यानं मोकळ्या तारा दबल्या. तारेची थरथर थांबली की सूरही तुटायचा. त्यासाठी सूर धरून ठेवणारं पेडल पायाखाली घेतलं.

पुढच्या तालमीत बायको खालच्या सुरावर उतरली तेव्हा सूर तिच्याबरोबर होता. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, डोळे मिटून गात राहिली. चुलती टाळ वाजवता वाजवता म्हणाली, "हां, आता आला बहुरूपी रंगात." धर्मापुरीला नकार कळवायचं पुन्हा निघालं नाही.

सप्ताहात गिटार पाहून मांडवातल्या पोरांनी आधी मोबाईल काढले. पेटी वाजू लागल्यावर एक म्हातारे उठून स्पीकरच्या मागं पाहून आले. दुसऱ्या भजनात माझं बोट घसरून एक परका सूर निघाला. बायको त्यावरून पुढे गेली. शेवटच्या भजनात तिनं तालमीत कधी घेतला नव्हता एवढा लांब आलाप घेतला. मी पेडल दाबून बसलो. तो कुठं संपणार मला माहीत नव्हतं. ती समेवर आली तेव्हा पखवाज, टाळ आणि मी एकदमच आलो.

परतताना जीपमध्ये बायका मोठमोठ्यानं बोलत होत्या. एका गावानं पुढच्या महिन्यात बोलावलं होतं. बायको खिडकीशी बसली होती. जरा वेळानं माझ्याकडे वळून म्हणाली, "अहो, आज काळी चार मला खाली वाटली. अर्धा सूर चढवून पांढरी सहा करता येती का तुमच्या त्या यंत्रावर?"

"येती की. एक आकडा वाढवायचा."

"मग वाढवा," ती म्हणाली आणि चुलतीला पुढच्या महिन्याच्या भजनाची चाल गाऊन दाखवू लागली.