दुसऱ्या बेसवरचा आयता माणूस

बेसबॉलच्या सामन्यात बरोबरी झाली की व्हर्न हृष्का नवव्या डावानंतर उठून घरी जातो, हे आमच्या गावातलं शेंबडं पोरही सांगेल. मक्याच्या गिरणीत चाळीस वर्षं वजनकाट्यावर काढलेला हा माणूस. तिसऱ्या बेसच्या मागे, सातव्या रांगेत, मांडीवर वही घेऊन बसतो आणि प्रत्येक फलंदाज कसा आला नि कसा गेला ते पेन्सिलीने टिपतो. अशा बेचाळीस वह्या त्याच्या तळघरात आहेत. मी या मैदानात बावीस वर्षं शेंगदाणे विकतोय. जुन्या सामन्यावरून वाद झाला की आम्ही कोणी पंचाला विचारत नाही, व्हर्नला विचारतो.

नियम बदलले तेव्हा आम्ही सगळ्यांनीच बोटं मोडली. चेंडू टाकणाऱ्या पिचरच्या डोक्यावर घड्याळ आलं, बेस मोठे झाले, तरी व्हर्नने नुसतं नाक मुरडलं. पण नऊ डावांत निकाल लागला नाही तर दहाव्यापासून प्रत्येक संघाला दुसऱ्या बेसवर एक माणूस फुकट द्यायचा, हा नियम आला आणि म्हातारा बिथरला.

"फटका नाही, कोणाची चूक नाही, काही नाही. मग तो तिथे आला कुठून, डार्ल? आभाळातून पडला?" तो मला म्हणाला.

"लोकांना लवकर घरी जाता यावं म्हणून आहे ते."

"मग मी त्यांच्याही आधी जातो."

आणि खरंच जायला लागला. पाच उन्हाळ्यांत त्याच्या वहीत अकरा सामने अर्धे राहिले.

मागच्या ऑगस्टमधला रविवार. दुपारचं ऊन नुसतं भाजून काढत होतं आणि आमचा डावखुरा लाझारो पिनेडा पिचिंगला होता. वय चौतीस, कोपर दोनदा शिवलेलं, मोठ्या संघांनी केव्हाच नारळ दिलेला. पहिल्या डावात समोरच्यांचे तीन फलंदाज आले, तिघेही बाद, डाव संपला. दुसऱ्यात तेच. तिसऱ्यात तेच. पाचव्यानंतर मैदान गप्प होत गेलं. पहिल्या बेसवर अजून कोणाचा पाय लागला नव्हता.

असं काही चालू असलं की त्याचं नाव काढायचं नाही, पिचरशी बोलायचं नाही, आणि जो जिथे आहे त्याने तिथून हलायचं नाही, अशी आमच्याकडची रीत. लाझारो बाकावर एकटाच बसायचा; त्याचा प्रशिक्षकसुद्धा त्याच्याकडे बघेना. मी सातव्या डावापासून गळ्यात ट्रे अडकवून व्हर्नच्या रांगेच्या पायरीवर उभा होतो. मागून एका बाईने शेंगदाणे मागितले, तर तिच्या नवऱ्यानेच तिला गप्प केलं.

नऊ डाव संपले. सत्तावीस आले, सत्तावीस बाद. पण आमच्या पोरांनाही एक धाव काढता आली नव्हती. शून्य-शून्य.

पंचाने समोरच्यांचा एक माणूस दुसऱ्या बेसवर नेऊन उभा केला. सगळी रांग व्हर्नकडे बघायला लागली. उठला तर रीत मोडते, बसला तर त्याचा हट्ट मोडतो.

"हललास तर हा ट्रे तुझ्या टाळक्यात घालीन," मी पुटपुटलो.

"तोंड मिट, डार्ल."

तो उठला नाही. त्याने पान हाताने सरळ केलं.

पहिल्या फलंदाजाने चेंडू हलकेच पुढे टेकवला. लाझारोने स्वतः धावत जाऊन तो उचलला आणि त्याला बाद केलं, पण तेवढ्यात आयता माणूस तिसऱ्यावर पोचला. दुसऱ्याने उंच मारला. झेल झाला, तोही बाद. पण झेल होताच आयता माणूस सुटला आणि घरच्या बेसवर पोचून धाव पुरी करून गेला. तिसऱ्याला लाझारोने तीन चेंडूंत परत पाठवलं. तीस आले, तीस बाद, आणि तरी एक धाव. बावीस वर्षांत इतकं थोर काही मी पाहिलं नव्हतं. आमच्या पाळीत आमचा आयता माणूस दुसऱ्यावरच ताटकळत राहिला. आम्ही हरलो.

आणि कोणी जागचं हललं नाही. हरलेल्या पिचरसाठी अख्खं मैदान उभं राहून टाळ्या वाजवत होतं. मी रडलो, त्यात लाज कसली.

अर्ध्या तासाने कोपराला बर्फ बांधून लाझारो कठड्यापाशी आला.

"वही लिहिणारे आजोबा तुम्हीच ना? बघू का जरा? मी आज एकदाही धावफलकाकडे पाहिलं नाही."

व्हर्नने वही दिली. लाझारोचं बोट एकेका चौकटीवरून सावकाश फिरत गेलं. आयत्या माणसाच्या चौकटीत धाव मांडलेली होती. तो बेसवर आला कसा, ती जागा कोरी होती.

"नवव्यानंतर तुम्ही निघून जाता असं ऐकलंय," तो म्हणाला. "आज गेला असतात तर हे पान स्वच्छ राहिलं असतं. त्यात माझी हार नसती."

"नसती," व्हर्न म्हणाला. "पण मग बाळा, तुझे शेवटचे तिघे कोणी लिहिले असते?"

लाझारो तिथेच पायरीवर बसला आणि पान पुन्हा पहिल्या चौकटीपासून वाचायला लागला.