पाण्याचा मान

गुणवंतचा दिवस पहाटे पावणेचारला सुरू व्हायचा. ऊन वर आलं की हौदाची फरशी पाय ठेवू देत नसे, म्हणून घासकाम त्याआधी उरकावं लागे.

दुबईच्या उत्तरेला, रास अल खैमाच्या डोंगराखाली एका धनवान माणसाचं फार्म होतं. हरणं, शहामृगं, उंट, माशांच्या काचेच्या टाक्या, आणि मधोमध नवा बांधलेला सीलचा हौद. शुक्रवारी लोक तिकीट काढून बघायला येत. गुणवंत कुडाळकडचा. गावी विहिरींतला गाळ काढायचा. दम कोंडून तळाशी राहता येतं, एवढ्या एका गुणावर त्याला १९९५ साली या कामावर घेतलं होतं.

सील म्हणजे उत्तरेच्या थंड समुद्रातली मादी. कागदावर तिचं काहीतरी परदेशी नाव होतं. गुणवंत तिला बाय म्हणे. पाणी गुडघ्यापर्यंत उतरवायचं, ब्रशनं तळ घासायचा, कोपरे हातानं. तीन तास लागत. नुसता ब्रश फिरवला म्हणजे घासलं, असं तो मानत नसे. तळहात फिरवून बघायचा. बुळबुळीत लागलं तर पुन्हा पहिल्यापासून. तोवर बाय काठावरच्या फळीवर पडून त्याचं काम बघत असे, मुकादमासारखी.

हौद पहिल्यांदा भरला, त्या दिवशी त्यानं गावी नव्या विहिरीला करतात तेच केलं. काठावर नारळ फोडला, हळदकुंकू वाहिलं आणि पाकिटात जपलेला आपल्याकडचा एक रुपया पाण्यात सोडला.

पिकअपचा पेशावरी ड्रायव्हर वली बघत होता. "गुणवंतभाई, मछली को पगार दे रहे हो क्या?"

"पानी का मान होता है, वलीभाई. देना पडता है."

"तो मेरा भी मान रखो. दो महीने से चाय नहीं पिलायी."

रुपया दक्षिणेच्या कोपऱ्यात जाऊन बसला. गुणवंत रोज त्याच्या भोवतीनं घासायचा. उचलायचा नाही. दिलेलं परत घेत नाहीत.

महिनाभरानं एका शुक्रवारी दुबईहून एक मराठी कुटुंब आलं. त्यातल्या मुग्धाबाई कठड्यावर वाकल्या. "अय्या, इथं नाणी टाकतात वाटतं! तो बघ रुपया, आपल्या इंडियातला! निनाद, डोळे मिट, काहीतरी माग आणि टाक."

"बट मम्मी, द सील विल ईट इट," मुलगा म्हणाला.

"काही नाही खात. ती काय तुझ्यासारखी आहे, दिसेल ते तोंडात घालायला?"

गुणवंत मासळीची बादली घेऊन चार हातांवर उभा होता. बाई, नका टाकू, हे ओठांवर आलं होतं. पण तळाशी चमकत होता तो त्याचाच रुपया. कुठल्या तोंडानं सांगणार? नाणं पाण्यात पडलं. मुलानं हात जोडले.

मग दर शुक्रवारी नाणी पडू लागली. एकाचं बघून दुसरा. गुणवंत तिकीटघर बंद झालं की त्याच संध्याकाळी बुडी मारून सगळी उचलायचा आणि शनिवारी पहाटे पुन्हा तळ चाचपायचा. आपल्या हातून एकही सुटत नाही, असं त्याला वाटे. स्वतःचं तेवढं तिथंच ठेवायचा.

१९९७च्या जूनमध्ये एका शनिवारी कोपरा रिकामा दिसला. त्यानं निचऱ्याची जाळी उघडली. गाळणीतली वाळू पसरून बोटांनी चाळली. रुपया नव्हता.

चार दिवसांनी बायनं मासे खायचं सोडलं.

तो तडक मॅनेजरकडे गेला. उपेंद्र साहेब ठाण्याचे.

"साहेब, बायनं नाणं गिळलंय. माझंच."

"तुझं म्हणजे?"

त्यानं नारळापासून सगळं सांगितलं. साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "कुणाला बोललायस का हे?"

"नाही. पण डॉक्टरांना सांगायला पाहिजे."

"मी सांगतो. तू गप्प बस. व्हिसा खलास होईल तुझा, कळतंय?"

गुणवंत गप्प बसला नाही. दुबईहून जनावरांचे डॉक्टर आले, तेव्हा त्यांच्यासमोरही त्यानं सगळं सांगितलं. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं. ऑपरेशन करावं लागेल, म्हणाले. जीव जाऊ शकतो, म्हणून मालकाची सही हवी. मालक उन्हाळ्यात परदेशी. फॅक्स गेला. उत्तराचं विचारलं की ऑफिसातून एकच यायचं: "इन्शाल्ला, उद्या."

असे नऊ दिवस गेले. पाणी थंड ठेवायला वलीच्या पिकअपमधून मासळीबाजारातल्या बर्फाच्या लाद्या यायच्या. सकाळी बारा, दुपारी बारा. गुणवंत एकेक खांद्यावर घेऊन उतरवायचा. खांद्यावर पोतं टाकूनही खाली कातडी सोलून निघाली. बांगडा हातात धरून तासतासभर बायच्या तोंडाशी बसायचा. ती वास घ्यायची आणि मान फिरवायची. मेहनतीनं होण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्याला दुसरं काही येत नव्हतं, म्हणून तो मेहनत करत होता.

"यल्ला, चल, थोडा सो जा," वली म्हणायचा. "तू मरेगा तो ये जियेगी क्या?"

दहाव्या दिवशी पहाटे तो ब्रश घेऊन आला तेव्हा बाय फळीवर नव्हती. पाण्यात आडवी तरंगत होती. सहीचा कागद शेवटपर्यंत आला नाही.

डॉक्टरांनी पोट उघडलं. ओंजळभर नाणी निघाली. म्हणजे दर आठवड्याला एखादं तरी त्याच्या हातून सुटत होतं, किंवा तो बुडी मारण्याआधीच ती खाऊन बसत होती. डॉक्टरांनी ती धुऊन ट्रेमध्ये मांडली. एक वेगळं निघालं.

"हे इकडचं नाही," ते म्हणाले. मग गुणवंतकडे बघून हळू म्हणाले, "एकानं मेली नसती ती."

"एक बघूनच बाकीची पडली ना, साहेब."

डॉक्टरांनी ट्रे झाकला. त्याचा व्हिसा कुणी रद्द केला नाही. हौदात कासवं आली. गुणवंत आणखी पाच वर्षं पावणेचारला उठून तो घासत राहिला.

२००२ साली तो कायमचा घरी आला. सात वर्षांच्या पगारातून परसात विहीर खणली. बावीस हातांवर पाणी लागलं. बायको प्रमिला हळदकुंकवाचं ताट घेऊन आली, भावकी जमली. नारळ फुटला. तो बोलायच्या आत प्रमिलानं रुपया टाकला.

गुणवंतनं सदरा काढला आणि दोर धरून उतरू लागला.

"अहो, असं काय करता? पाण्याचा मान असतो तो!"

तो बुडी मारून तळ चाचपत राहिला. तिसऱ्या बुडीला रुपया हाताला लागला. वर येऊन त्यानं तो तिच्या ताटात ठेवला. विहिरीत सील नव्हती. दोन बेडूक होते.

शेवटच्या पगारातलं थोडं उरलं होतं. त्यातून त्यानं विहिरीवर बारीक भोकांची लोखंडी जाळी बसवून घेतली.