सुरूची कापलेली मुळं

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. बी.एस्सी., वनस्पतिशास्त्र. ओळख करून देताना आजही मी हे आधी सांगतो, त्यात मला काही वावगं वाटत नाही. जळगावला एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून लागलो. कॉलनीतले लोक मला प्राध्यापक म्हणायचे आणि मी कधी कुणाला दुरुस्त केलं नाही.

बोन्सायचा नाद पुस्तकांमुळे लागला. पहिली तीन वर्षं पुण्याहून आणलेली, थंड हवेतल्या ज्युनिपरची रोपं दर मे महिन्यात गच्चीवर जळून गेली. मग एकदा बसमधून धुळ्याला जाताना डोक्यात आलं, की ह्या रस्त्यानं निलगिरी, सुरू, बॉटलब्रश आपल्या उन्हात मजेत उभी आहेत आणि तिन्ही मूळची ऑस्ट्रेलियाची. मग कुंडीत तीच का नाहीत? असा आमचा क्लब निघाला. फक्त मूळच्या ऑस्ट्रेलियन झाडांचा.

सुरुवातीला आम्ही तिघंच. मी, कापडाचं दुकान असलेले एक मारवाडी शेठजी, आणि बँकेतून निवृत्त झालेल्या एक बाई. त्यांना सगळी कॉलनी अक्का म्हणायची. दर रविवारी सकाळी माझ्या गच्चीवर बैठक.

शेठजी पहिल्याच दिवशी म्हणाले, "सर, वड-पिंपळ सोडून निलगिरी? कुंडीतून लाकूड किती निघणार?"

"शेठजींना मीटरनं मोजता आलं नाही की झाड पटत नाही," अक्का म्हणाल्या.

त्याच अक्कांनी पुढच्या रविवारी सुबाभळीचं रोप आणलं. मी ते तसंच परत दिलं. सुबाभूळ मेक्सिकोची, आपल्या नियमात बसत नाही, म्हटलं. "तिचा पासपोर्ट बघितला वाटतं प्राध्यापकांनी," अक्का म्हणाल्या आणि रोप पिशवीत घालून घरी घेऊन गेल्या. नियमाच्या बाबतीत मी असाच होतो.

सुरूचं बी मागवून दोनदा पेरलं. दोन्ही वेळा एकही कोंब आला नाही. बी विकणाऱ्याला मी फोनवर वाटेल ते बोललो. नेमके तेव्हा आबा, म्हणजे माझे वडील, गावाहून आले होते. आमचं गाव शिरपूरच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी. तिथल्या सरकारी रोपवाटिकेत आबांनी उभी हयात रोजंदारीवर पिशव्या भरल्या, पाणी घातलं, रोपं ट्रकमध्ये चढवली. सही तेवढी करता यायची.

वाफ्यापाशी उकिडवे बसून ते म्हणाले, "बी खराब नही शे, भाऊ. मुंग्यासनी लई गयी." मुंग्यांना अडवायला त्यांनी चुलीची राख मागितली. आमच्याकडे गॅस. शेवटी कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडून राख आणली. ती वाफ्याभोवती पसरून त्यांनी उरलेलं बी पेरलं आणि दोन आठवड्यांत वाफा हिरवा झाला. क्लब खऱ्या अर्थानं तेव्हा उभा राहिला. वर्षभरात आम्ही अकरा जण झालो, आणि अकराही जणांच्या कुंडीत आबांच्या हातची रोपं होती.

त्यानंतर ते एकदा चोपड्याच्या एसटीनं आले ते मांडीवर गोणपाटाचं गाठोडं घेऊन. रोपवाटिकेच्या कुंपणाशी एक सुरू पिशवीतच राहून गेला होता. वर्षानुवर्षं गुरांनी शेंडा खाल्लेला, बुंधा मनगटाएवढा आणि उंची हातभर. पन्नास वर्षं घासूनही असं झाड तयार होत नाही. शेठजी त्याच्याभोवती दोन फेऱ्या मारून आले आणि काही न विचारता खाली बसले. होळीनंतर क्लबचं पहिलं प्रदर्शन होतं, तिथे हे झाड मधोमध ठेवायचं ठरलं.

त्यासाठी ते उथळ कुंडीत बसवायला हवं होतं. पुस्तकात लिहिलं होतं की मुळं हिवाळ्यात, झाड झोपलेलं असताना कापावीत. ते पुस्तक बर्फ पडणाऱ्या देशातल्या झाडांचं होतं आणि उष्ण प्रदेशातला सुरू नवी मुळं ऊब असतानाच टाकतो, हे मला दिसत होतं आणि तरी दिसलं नाही. ऐन पौषात, गच्चीवर सकाळी हात बधिर होत असताना, मी सुरूची अर्ध्याहून जास्त मुळं कापली.

झाड घेऊन आलेले आबा प्रदर्शनापर्यंत आमच्याकडेच राहणार होते. ते बघत होते. म्हणाले, "रोपना पाय तोडस का कोनी?"

"आबा, ह्याला शास्त्र आहे," मी म्हणालो.

सुरू लगेच काही दाखवत नाही. महिनाभर हिरवाच दिसला. मग काड्या पिवळ्या पडायला लागल्या. मी कॉलेजच्या परीक्षांत अडकलेला. आबांनी ते पाहिलं. रोपवाटिकेत पिवळं पान दिसलं की साहेबाची बोलणी बसायची आणि उपाय एकच, खत. त्यांनी कॉलनीतल्या माळ्याकडून डीएपी आणून चिमूटभर पाण्यात विरघळवून घातलं.

तीन दिवसांनी रविवार होता. सगळे जमले होते आणि झाड तांबूस पडलं होतं. मातीवर खताचे न विरघळलेले दोन-चार दाणे दिसले. मी विचारलं, "खत कुणी टाकलं?"

आबा नळापाशी झारी भरत होते. "मी टाकं. उपाशी दिसनं ते."

"ही केळीची बाग आहे का, आबा? पुस्तक वाचल्याशिवाय कशालाही हात लावायचा नाही, किती वेळा सांगितलं?"

आबांनी झारी खाली ठेवली, हात धोतराला पुसले आणि खाली गेले. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं गावी निघाले. मी स्टँडवर सोडायला गेलो होतो. पाण्याची बाटली घेऊन दिली. माफी मागितली नाही.

आठवड्यानं झाड कुंडीतून उपसलं. मुळांची टोकं मी कापली तशीच्या तशी होती, काळी आणि बुळबुळीत. एकही पांढरा तंतू नव्हता. कापल्या दिवसापासून त्या झाडानं एकही नवं मूळ टाकलं नव्हतं. आबांनी खत घातलं तेव्हा ते शोषायला खाली काही उरलंच नव्हतं. वनस्पतिशास्त्राच्या पदवीधराला हे कळायला दोन मिनिटं पुरली. मी मुळं कागदात गुंडाळली आणि घंटागाडीत टाकली.

प्रदर्शनात मधोमध बॉटलब्रश ठेवला. लोकांनी फोटो काढले.

आबा पुन्हा जळगावला आले नाहीत. कधी गुडघा दुखायचा, कधी गावात लग्न असायचं. फोनवर मात्र, एकदा सांगूनही, हमखास विचारायचे, "ते झाड वाचनं का?" मी म्हणायचो, नाही, गेलं. ते म्हणायचे, "मन्हाघाई चूक व्हयनी, भाऊ." चूक ते स्वतःच्या अंगावर घ्यायचे. दर वेळी मला वाटायचं की आता सांगावं. आणि दर वेळी मी विचारायचो, जेवलात का.

दीड वर्ष असं चाललं. गावी दोनदा जाऊन आलो, समोरासमोर ओट्यावर बसलो, पाऊसपाण्याचं बोललो. घरातल्या शिकलेल्या माणसानं न शिकलेल्या बापापुढे चूक कबूल करायची, हे मला जमलं नाही. ते असं सरळ लिहायलाही मला बरेच दिवस लागले.

आबा श्रावणात गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत.

दहाव्याला क्लबची मंडळी गाडी करून गावी आली. परत निघताना अक्का माझ्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, "त्या सुरूचं मनात ठेवू नका हो. म्हाताऱ्या माणसाला काय माहीत, त्यांनी मायेनंच खत घातलं." अक्का मनापासून बोलत होत्या. मी म्हणालो, "हो." आबांच्या दारात उभं राहून म्हणालो.

पुढच्या रविवारी सगळे गच्चीवर आले तेव्हा मी उभा राहिलो आणि सांगितलं. पौषातली कापणी, काळी टोकं, घंटागाडी, फोन, सगळं. आबांच्या खतानं झाड मेलं नाही, माझ्या कात्रीनं मेलं, असं म्हणालो. अक्का कठड्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

मग शेठजी म्हणाले, "सर, हे आम्हाला सांगून काय होणार? त्यांना सांगायचं होतं."

मी म्हणालो, "हो, शेठजी."