शेंगांची टोपली

आमच्या झेरॉक्सच्या दुकानाला लागूनच महिला समुपदेशन केंद्र आहे. तिथल्या ताईंच्या टेबलाखाली कायम भुईमुगाच्या शेंगांची टोपली असते. मला आधी वाटायचं, बाईला खायचा लय नाद हाय.

मार खाऊन आलेल्या सुनेसोबत बऱ्याचदा सासूही येते, आणि तिच्यासमोर सून तोंड उघडत नाही. ताई कुणाला बाहेर जा म्हणत नाहीत. सासूला बाकड्यावर बसवून मांडीवर टोपली ठेवतात. "मावशी, एवढ्या फोडून द्या की. माझी नखं लय कच्ची हायत." याच नखांनी त्या माझ्याकडच्या कागदांच्या पिना उपसतात. मग दार लोटून आत सुनेचं ऐकतात. बोलणं लांबलं तर बाहेर येऊन टोपलीत आणखी दोन ओंजळी शेंगा टाकून जातात.

परवा पूर्णेकडच्या एका म्हातारीनं सगळ्या शेंगा फोडल्या, दाणे पाखडून ठेवले. सून बाहेर आली तशी रिकामी टोपली तिच्या हातात दिली.

"तू बस आता हितं. मलाबी ताईला सांगायचं हाय."

ताईंनी त्या दिवशी अख्खी पिशवीच टोपलीत ओतली.