दोनदा विकत घेतलेली खुर्ची

आमच्या थोरल्या जाऊबाईंना जुन्या वस्तूंच्या दुकानात सगळे ‘तपासनीस बाई’ म्हणतात. नाव पडलं ते त्यांच्या सवयीमुळे. कपडा हातात आला की त्या आधी तो उलटा करतात. समोरून तो कसा दिसतो याच्याशी त्यांना काही देणंघेणं नसतं. आतली शिवण बघायची, काखेखाली बोट फिरवायचं, अस्तर ओढून बघायचं, चेन वरखाली करायची आणि शेवटी सगळ्यांदेखत नाकाला लावून वास घ्यायचा.

“अहो ताई, लोक बघतायत,” मी सुरुवातीला म्हणायचे.

“बघू देत की. त्यांनी मला बघावं, मी कपडा बघते.”

दुकान बस थांब्याच्या मागे, एका जुन्या गोदामात आहे. एक संस्था चालवते. लोकांनी देऊन टाकलेल्या वस्तू तिथे स्वस्तात विकतात आणि आलेला पैसा आजारी माणसांच्या औषधपाण्याला जातो. दर गुरुवारी सकाळी नवा माल मांडतात, म्हणजे नवा जुना माल. दार उघडायच्या आधीपासून आम्ही नेहमीच्या बायका बाहेर उभ्या असतो. आत धावायचं नाही असा नियम आहे. तो सगळ्या पाळतात, पण न धावता इतक्या तुरुतुरु चालतात की धावणं परवडलं.

दुसरा नियम ताईंचा. एकदा दोघी एका टेबलक्लॉथची दोन टोकं धरून हमरीतुमरीवर आल्या होत्या. ताईंनी मध्ये पडून निकाल दिला, “जिच्या हातात आधी आलं, तिचं. तिने खाली ठेवेपर्यंत दुसरीने हात लावायचा नाही, डोळाही लावायचा नाही.” तेव्हापासून तो त्या दुकानाचा कायदाच होऊन बसला.

ताईंनी उभी हयात हॉस्पिटलच्या लाँड्रीत नोकरी केली. मोठ्या मशीनमधून चादरी काढायच्या, वाळवायच्या, फाटलेल्या बाजूला काढून शिवायच्या. दीर लवकर गेले. मुलगा लहान होता. त्याचे शाळेचे कपडे, अभ्यासाचं टेबल, टेबलावरचा दिवा, सगळं त्या गोदामातून आलं. नात्यातल्या बायका नाकं मुरडायच्या. “लोकांची उतरण घालते पोराला,” असं त्यांच्या कानावर जाईल इतपत मोठ्याने म्हणायच्या. ताई ऐकून घेणाऱ्यातल्या नव्हत्या. एकदा त्यांनी भर कार्यक्रमात सुनावलं, “देव तरी कुठे सगळ्यांना कोरा जीव देतो? तोच धुऊन, इस्त्री करून परत पाठवतो. तुमचा धुतल्यासारखा दिसत नाही, एवढंच.”

मी दोन वेळा देवापुढे बसणारी बाई. मला ते ऐकून आधी कानाला हात लावावेसे वाटले, आणि मग तोंडावर पदर धरून हसावं लागलं.

पुतण्या शिकला, चांगल्या नोकरीला लागला, त्याने मोठा फ्लॅट घेतला. ताई त्याच्याकडे राहायला गेल्या. मागची खोली त्यांची. तिथे त्यांनी स्वतःचं जग मांडलं. लाकडी हातांची एक खुर्ची होती. ती आणली तेव्हा बैठक फाटून लोंबत होती. ताईंनी तिला जाड कापडाचे पट्टे स्वतः विणून बसवले होते. एक दिवा होता, त्याची टोपी त्यांनीच शिवलेली. बटणांनी भरलेला डबा होता. आणि एक राखाडी लोकरी कोट, जो त्या थंडी पडायच्या आधीच घालायला सुरुवात करायच्या.

सूनबाई मुलगी वाईट नाही. पण तिला दुसऱ्याने वापरलेल्या वस्तूची मनापासून किळस. ढेकूण येतील, रोग येईल, असं तिला वाटायचं.

“आई, लोकांनी अंगावर घातलेलं मला नाही हो चालत.”

“मग हॉटेलात चादर घरून नेतेस का?” ताई विचारायच्या.

पुतण्या मध्ये पडायचा. “आई, आता बास ना. परिस्थिती नव्हती तेव्हा ठीक होतं.”

“परिस्थिती नव्हती म्हणून घ्यायला लागले, हे खरं. पण आवडतं म्हणून घेत राहिले. आता माझ्या आवडीलाही तुझी परिस्थिती लागू करतोस का?”

असं चालायचं. कधी हसण्यावारी जायचं, कधी दोन दिवस अबोला. मग माझा पाय मुरगळला आणि ताई माझ्याकडे मुक्कामाला आल्या. मी पलंगावर, त्या स्वयंपाकघरात. पाय टेकवता यायला लागला तसा पुतण्या त्यांना न्यायला आला. चेहरा नुसता फुललेला. “काकू, तुम्हीही चला. काहीतरी दाखवायचंय,” म्हणाला. मी काठी टेकत गेले.

त्याने मागच्या खोलीचं दार उघडलं. भिंती नव्या रंगाच्या. नवा पलंग, त्याच रंगाचं कपाट, त्याच रंगाचे पडदे. कोपऱ्यात फुगीर, चकचकीत आरामखुर्ची, तिच्यावरचं प्लास्टिकसुद्धा अजून काढलेलं नव्हतं. सूनबाई मागे हात बांधून उभी होती. दोघांना वाटत होतं, आता आईचे डोळे भरून येणार.

ताई उंबऱ्यावरच थांबल्या. “माझी खुर्ची?”

“दिली ना आई. चांगल्या कामाला दिली. एका संस्थेची गाडी दारात आली आणि सगळं घेऊन गेली. दिवा, कोट, तो डबा. तुझ्याच हातून दान झालं असं समज.”

“मला विचारलंस का?”

“विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस.”

“हो,” ताई म्हणाल्या. “म्हणूनच विचारायचं असतं.”

पुढे त्या काही बोलल्या नाहीत. मला भीती वाटली ती त्याचीच. ताई भांडत असल्या की घर ठीक चाललंय असं समजायचं. त्या गप्प बसल्या म्हणजे आत काहीतरी उलटं करून शिवण तपासणं चाललंय.

पुतण्याने आयुष्यात कधी त्या दुकानात पाऊल टाकलं नव्हतं. लहानपणी आईने आणलेलं घालायचा, मोठेपणी त्या रस्त्याने जायचंही टाळायचा. त्यामुळे संस्थेची ती गाडी कुठे जाऊन रिकामी होते, हे त्याला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. बाहेरून बोर्ड दिसतो, तो वाचायला मान वळवावी लागते.

गुरुवारी आम्ही दोघी गेलो. मी काठी घेऊनच. दुकान सांभाळणाऱ्या चष्मेवाल्या बाई ताईंना बघून दारापाशीच आल्या.

“तपासनीस बाई, आज तुमचा दिवस आहे बघा! एका फार नीटनेटक्या घरातून माल आलाय. काय राखलंय हो एकेक!”

आत खिडकीपाशी खुर्ची होती. हाताला दोरीने किमतीची चिठ्ठी बांधलेली. शेजारी दिवा, दिव्याच्या पायाशी बटणांचा डबा.

“राखलंय खरं,” ताई म्हणाल्या. “मीच राखलंय.”

चष्मेवाल्या बाई हसायला लागल्या आणि ताईंच्या चेहऱ्याकडे बघून मध्येच थांबल्या. मी कोट शोधत होते. तो रॅकवर नव्हता. एका तरुण मुलीच्या हातात होता. नर्सिंग शिकणारी असावी, स्वेटरच्या आतून पांढरा युनिफॉर्म दिसत होता. तिने कोट उलटा केला होता आणि अस्तराची शिवण बघत होती, अगदी ताई बघतात तशी.

“ताई, सांगा ना तिला. कोट तुमचा आहे.”

“तिच्या हातात आहे.”

“अहो, पण इथे वेगळी गोष्ट आहे.”

“प्रत्येकीची गोष्ट वेगळीच असते, धाकटे. त्या टेबलक्लॉथवाल्या दोघींनाही तसंच वाटत होतं. आणि माझ्या परवानगीशिवाय वस्तू हलवायचं काम घरात एकदा झालंय, तेवढं पुरे. मी तिच्या हातातून ओढणार नाही.”

मुलीला वाटलं आपल्याबद्दल काही चाललंय. तिने विचारलं, “काकू, घेऊ का हो? चांगला आहे का?”

ताई जवळ गेल्या. मला वाटलं, आता आवाज कापेल. पण त्यांनी कोटाची डावी बाजू तिला उघडून दाखवली. “इथे आतून चोरखिसा आहे. बसचा पास इथे ठेव, म्हणजे गर्दीत चोरीला जायचा नाही. बाही तुला लांब होईल. कापू नकोस, आत दुमडून टाका घाल. आणि वॉशिंग मशीनला लावलास तर मला तोंड दाखवू नकोस.”

मुलगी कोट छातीशी धरून पैसे द्यायला गेली. चष्मेवाल्या बाईंना एव्हाना सगळं उमगलं होतं. त्या लाजून चूर. “अहो, बाकीचं तरी घेऊन जा हो. चिठ्ठ्या काढते. एक पैसा देऊ नका.”

“फुकट कशाला? दान दिलंय त्याने. आजारी माणसांच्या तोंडचं औषध मी परत नेऊ का? चिठ्ठीवर आहे तेवढं लावा. आणि पावती द्या.”

पैसे दिले. मग बाईंनी नेहमीचा प्रश्न विचारला, “कुठे पोचवायचं? घरच्याच पत्त्यावर ना?”

ताई थांबल्या. वस्तू निवडताना एवढा वेळ घेणारी बाई, पण उत्तर द्यायला इतकी थांबलेली मी त्यांना कधी पाहिली नव्हती. त्या पत्त्यावर खुर्ची गेली असती तर एक तर पुन्हा गाडी बोलावली गेली असती, नाही तर रोज रडारड. आणि खुर्ची न नेता त्या एकट्या गेल्या असत्या, तर जन्मभर त्या चकचकीत खोलीत पाहुणी म्हणून राहिल्या असत्या. मी मनातल्या मनात देवाला हाक मारली.

“संध्याकाळपर्यंत इथेच राहू द्या,” त्या म्हणाल्या. “पत्ता सांगायला येते.”

बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, “तुझ्या गल्लीत त्या इस्त्रीवाल्याच्या वरची खोली रिकामी आहे. मी तुझ्या खिडकीतून रोज बघत होते.”

“ताई, घर सोडणार?”

“घर त्याचं आहे. ते मी कसं सोडणार? मी माझी खोली शोधतेय.”

“मग माझ्याकडे या की!”

“तुझ्या घरात तुझ्या वस्तू आहेत. उद्या मी तुझं ताट उलटं करून बघितलं तर तू मला बाहेर काढशील.”

खोली लहान होती. एक खिडकी, एक मोरी, भिंतीतलं कपाट. इस्त्रीवाला भला माणूस. त्याने आधीच सांगून टाकलं, “बाई, खालच्या इस्त्रीने वर गरम होतं बरं का.”

“होऊ दे. मी नुकताच कोट दुसरीला दिलाय.”

त्यांची पेन्शन आहे, त्यामुळे भाड्याची चिंता नव्हती. संध्याकाळी हातगाडीवरून खुर्ची आली. ताईंनी ती खिडकीपाशी ठेवली, बसून बघितली, पुन्हा उठून थोडी वळवली. मग मुलाला फोन करून सांगितलं.

तो धावतच आला, मागोमाग सूनबाई. जिना चढून त्याला दम लागला होता.

“आई, हे काय? लोक म्हणतील, मुलाने आईला घराबाहेर काढलं!”

“लोकांना माझ्याकडे पाठव. मी सांगते, आईनेच मुलाला सोडलं.”

“पण आम्ही तुझ्यासाठीच केलं ना सगळं?”

“केलंस. पैसेही खूप घातलेस. ते मला दिसतंय रे. पण मी मेल्यावर करतात तसं केलंस. माणूस जातं, मग त्याची खोली आवरतात. मी तर काकूचा पाय शेकायला गेले होते.”

सूनबाई दारातच उभी होती, आत यायला तयार नव्हती. तिचे डोळे लाल झाले होते. ती म्हणाली, “आई, विचारायला हवं होतं, ते चुकलंच. पण मला खरंच किळस येते. आता खोटं कशाला बोलू?”

मला वाटलं, आता ताई भडकणार. पण त्या तिच्याशी जितक्या नीट बोलल्या तितक्या मुलाशीही बोलल्या नव्हत्या. “नकोच बोलूस. तुझ्या घरात तुझं चालायला हवं. मी तिथे कुरकुरत राहिले तर तुझं चालणार नाही, माझंही नाही. जेवायला बोलावलंस तर येईन. नवी चादर घातलीस तरी बसेन.”

सूनबाईला रडता रडता हसू आलं. पुतण्याला नाही. त्याने खुर्चीकडे बोट केलं. “आणि ही? ही तर आम्ही देऊन टाकली होती.”

“तू दिलीस, मी विकत घेतली. पावती आहे. दोनदा विकत घेतलेली खुर्ची आहे ही. आता तरी माझी मानशील ना?”

जायला निघताना त्याने हात पुढे केला. “बरं, एक किल्ली माझ्याकडे दे. अडीअडचणीला असू दे.”

“नाही.”

“आई, तुझं वय झालंय. उद्या काही झालं तर?”

“खाली इस्त्रीवाला आहे, समोर काकू आहे. तुला किल्ली नाही मिळायची. दार वाजवून येत जा.”

पुढच्या आठवड्यात मी ताईंकडे बसले होते. त्या धुतलेली चादर घडी घालत होत्या. लाँड्रीतल्यासारखी, काठाला काठ लावून. जिन्यावर पावलं वाजली. दारापाशी थांबली. बराच वेळ काहीच नाही. मग दोन टकटक, अगदी हलक्या.

“आई, मी आहे. येऊ का?”

मी सवयीने उठायला लागले. ताईंनी डोळ्यांनीच मला खाली बसवलं. चादरीची शेवटची घडी घातली, तळहाताने ती सपाट केली, कपाटात ठेवली.

“थांब रे,” त्या म्हणाल्या. “येते.”